वन आरके ऑन व्हील्स, मुक्काम इतवारी

गेल्या महिन्यात माझ्या मामेभावाने मला त्याचं नवं घर दाखवलं. दहा फूट लांब, साडेपाच फूट रुंद. सोसायटीची कटकट नाही, घरमालकाचं टेन्शन नाही आणि व्ह्यू म्हणाल तर तुम्ही म्हणाल तो! प्रॉब्लेम एकच. त्या दिवशी त्या घरात धण्याची पोती रचलेली होती आणि इतवारीच्या किराणा ओळीत दोन हमाल ती उतरवत होते.

तर मंडळी, ही आमच्या मामाची मेटाडोर. खरं म्हणजे ती फोर्स ट्रॅव्हलरची बंद बॉडीवाली डिलिव्हरी व्हॅन आहे, २०१६ चं मॉडेल. पण आमच्या नागपुरात त्या साइजच्या कुठल्याही गाडीला मेटाडोरच म्हणतात. बजाज टेम्पोची ती ओरिजिनल मेटाडोर बंद होऊन जमाना झाला, कंपनीचं नावसुद्धा २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झालं, मामाच्या तोंडचा शब्द मात्र तोच. मामाने आयुष्यभर इतवारीचा माल वाहिला. धणे, मिरची, डाळ, कधी भांडी. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, रात्रीची गाडी झेपत नाही. मस्कासाथच्या एका मसालेवाल्याने साडेतीन लाख लावलेत. मामा-मामीचं रिटायरमेंट प्लॅनिंग म्हणजे हे साडेतीन लाख आणि थोडी एफडी. बस.

आणि नेमकं याच वेळी आमच्या दादाला व्हॅनलाइफ चावलं.

दादा एकतीस वर्षांचा. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, काम पूर्ण रिमोट, भाडं महिना बावीस हजार. त्याचा फंडा सिंपल आहे. काम लॅपटॉपवर करायचं, मग लॅपटॉप हिंजवडीतच का उघडायचा? ताडोब्याच्या बाजूला उघडू, हंपीत उघडू, गोव्यात उघडू. गाडी मसालेवाल्याला देण्यापेक्षा मला द्या, मी तिचं घर करतो.

ऐकायला सही वाटतं ना? मलाही वाटलं. #व्हॅनलाइफ हा हॅशटॅग २०११ मध्ये फॉस्टर हंटिंग्टन नावाच्या अमेरिकन तरुणाने सुरू केला. तेव्हापासून उघड्या मागच्या दारातून दिसणारा समुद्र, पांढरी चादर आणि कॉफीचा मग असे लाखो फोटो जगभर फिरतायत. त्याच अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर ज्यांची घरं आणि पेन्शनी गेल्या, अशी साठी उलटलेली माणसंही व्हॅनमध्ये राहायला लागली. जेसिका ब्रुडरने त्यांच्यावर २०१७ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यावरून आलेल्या ‘नोमॅडलँड’ सिनेमाने २०२१ मध्ये ऑस्कर नेलं. व्हॅन तीच. फक्त एकाने ती निवडली होती आणि दुसऱ्याला पर्याय नव्हता.

आमच्या घरात हे दोघंही एकाच ताटावर जेवतात, त्यामुळे सीन जाम रंगला. दादाने मामाला मोबाइलवर एक कन्व्हर्ट केलेली गाडी दाखवली. बेड, किचन, छताला दिव्यांची माळ. मामाने पूर्ण व्हिडिओ पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाला, “मी तीस वर्षं गाडीतच झोपलो ना बे. तवा कोनं फोटू नाही काढला.”

खरंच आहे. इतवारीत रात्री उशिरा चक्कर मारा. माल उतरायची वाट बघत उभ्या असलेल्या गाड्यांच्या केबिनमधून बाहेर आलेले पाय दिसतील. पुढे स्टोव्ह, मागे ताडपत्री, आरशाला वाळत घातलेला टॉवेल. झाडीपट्टीची नाटकवाली मंडळी सीझनभर वडशाहून रोज वेगळ्या गावाला प्रयोगाला जातात, त्यांच्या कित्येक झोपा गाडीतच होतात. महाराष्ट्रातले टूरिंग टॉकीजवाले तर ट्रकमध्ये प्रोजेक्टरही नेत आणि संसारही. त्यांच्यावरची ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ ही डॉक्युमेंटरी २०१६ मध्ये कानला दाखवली गेली. आणि त्याहून मागे जायचं तर लमाण. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून अख्खा तांडा बायकापोरांसकट चालायचा. माल आणि घर एकाच रस्त्याने. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, गाडीरस्ते वाढले आणि त्यांचा तो धंदा संपत गेला. म्हणजे मालाच्या गाडीत राहणं ही आयडिया इन्स्टाग्रामची नाही हो.

असो. भांडण झाल्यावर कामही झालं, कारण मामाला राग आला तरी गाडी चुकीची बनलेली बघवत नाही.

दादाने लकडगंजातून प्लायचं कोटेशन आणलं होतं. बेड, ओटा, वर कपाटं, सगळं १९ एमएममध्ये. मिस्त्रीही खूश, तो फ्लॅटची मॉड्युलर किचन्स करतो. मामाने एकच प्रश्न विचारला, “वजन किती?” कुणालाच माहीत नव्हतं! मग वजनकाटा आणला. आठ बाय चारची एक १९ एमएम शीट पस्तीस-चाळीस किलो भरते. दादाच्या ड्रॉइंगमध्ये अकरा शीट होत्या. म्हणजे जवळपास सव्वाचारशे किलो नुसतं लाकूड, आणि त्यातलं अर्धं डोक्याच्या वरच्या उंचीला. मामा म्हणाला, वर वजन टाकशीन तर वळणावर गाडी डोलन. पोती नेहमी खाली आणि मागच्या एक्सलच्या पुढे लावायची, तसंच घरही लावायचं. पाण्याची साठ लिटरची टाकी म्हणजे साठ किलो, ती एका बाजूला नको, मध्ये हवी. मिस्त्रीला खिळे बंद, सगळीकडे नटबोल्ट आणि रबरी वॉशर. फ्लॅट हलत नाही, गाडी रोज हलते. खिळा महिन्याभरात ढिला होतो आणि रात्रभर कपाट वाजतं. हे कुठल्या व्हिडिओत नव्हतं, निदान दादाने पाहिलेल्या तरी नाही.

शेवटी वरची कपाटं गेली, तिथे कापडी खण आले. प्लाय १२ एमएमवर आला, जिथे खरंच भार आहे तिथे लोहा ओळीतून आणलेला चौकोनी पाइप. बेडखाली बॅटरी आणि सामान.

आता ऊन! हा विषय नागपूरकरांना समजवायची गरज नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७ च्या पुढे गेला होता. अशा उन्हात पत्र्याची बंद व्हॅन म्हणजे तंदूर. दादाने भिंतींना आणि छताला नायट्रिल रबरची शीट चिकटवली, छत पांढरं केलं, वर एक बाहेर हवा फेकणारा पंखा. एसी का नाही? कारण हिशेब बसत नाही. त्याची बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम, म्हणजे साधारण सव्वा युनिट वीज. लॅपटॉप, पंखा, दिवे आणि छोटा डीसी फ्रिज मिळून दिवसाला जेमतेम तेवढीच लागते आणि छतावरचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात ती परत भरून देतं. एक टनाचा एसी तीच बॅटरी दीड-दोन तासांत संपवतो. मग? मामाचा उपाय इतवारीतलाच. बारदाना! रिकामी पोती शिवून छतावर टाकायची, पाणी मारायचं. आमच्या मेमध्ये हवा कोरडी, त्यामुळे ओलं तागाचं पोतं छत खरंच थंड ठेवतं. वाळ्याच्या पडद्याचंच गणित. जुलैत त्याचा उपयोग शून्य, आणि पॅनेल झाकलं गेलं तर वीज बंद, म्हणून बारदाना फक्त अर्ध्या छतावर. दिसायला? फोटोत घेऊ नका एवढंच सांगते.

स्वयंपाकाला पाच किलोचा सिलिंडर. इथे मात्र मामाचा अंदाज चुकला. तो म्हणे, वरची खिडकी आहे ना. पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला फरशीलगत बाहेर उघडणारी जाळी लागते. दादाने ती पाडून घेतली. मामा काही बोलला नाही, फक्त बोट घालून पाहिली.

मुलगी म्हणून माझा पहिला प्रश्न वेगळा होता. टॉयलेट कुठाय? दादाचं उत्तर होतं पेट्रोल पंप. मामाचंही तेच. बघा, दोन पिढ्यांचं एकमत झालेला हा एकमेव मुद्दा! मी पोर्टेबल कॅसेट टॉयलेटची लिंक पाठवली आहे. अजून ब्लू टिकवरच आहे.

पण खरी गोची कागदांत आहे आणि ज्यांच्या डोक्यात हे खूळ शिरलंय त्यांनी हा पॅरा दोनदा वाचा. गाडीची पाटी पिवळी, नंबर एमएच-४९, नोंद मालवाहू. मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेला जो तपशील आरसीवर आहे, त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठासून सांगितलं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, गाडी पास करायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या टेस्टिंग संस्थेपर्यंत जावं लागतं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्याचा भर कॅरॅव्हॅन भाड्याने देणारे आणि कॅरॅव्हॅन पार्क काढणारे यांच्यावर आहे. आमच्या दादासारखा एकटा माणूस त्यात नीट बसत नाही. परवानगीशिवाय बदल केला आणि अपघात झाला, तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न तोच विचारणार.

म्हणून आतलं सगळं सध्या सुटं ठेवलंय, नटबोल्ट काढले की दोन तासांत गाडी रिकामी. दादाच्या मते हा जुगाड आहे. माझ्या मते ही पळवाट आहे आणि ती किती टिकेल सांगता येत नाही, कारण मालाच्या गाडीत माणूस राहतो हे काही नटबोल्टने बदलत नाही. आधी अर्ज, मग सुतारकाम, असा क्रम असायला हवा होता. आता अर्ज दिलाय, मालवाहूची खाजगी नोंद आणि बदलाची परवानगी, दोन्हीसाठी. मिळाली तरी खाजगी नोंदणी पहिल्या तारखेपासून पंधराच वर्षं धरतात. म्हणजे २०३१ मध्ये पुन्हा तपासणी, पुन्हा पैसे, आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच.

पैशांचं सांगते. दादाच्या वहीत इन्सुलेशन २८ हजार, प्लाय आणि मजुरी ८५, सोलर-बॅटरी-वायरिंग ९५, फ्रिज ३२, पाणी-सिंक-गॅस वगैरे २०. टोटल २ लाख ६० हजार. तो खुशीत म्हणाला, पुण्याचं एका वर्षाचं भाडं वसूल! मी विचारलं, डिझेल? महिन्याला दीड हजार किलोमीटर, दहाचं अॅव्हरेज, नव्वदीच्या आसपासचा भाव. साडेतेरा हजार तिथेच गेले. आणि मामाचे साडेतीन लाख कुठल्या पानावर लिहिलेत?

तेव्हा तो गप्प झाला. त्याने ते लिहिलेच नव्हते. मुलगा बापाची गाडी घेतो, त्यात लिहायचं काय, असं त्याला खरंच वाटत होतं. लबाडी नव्हती. बापाची गाडी म्हणजे घरातली वस्तू, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. पण मामाने कधी पगार घेतला नाही, त्याचा पीएफही ती गाडीच आणि ग्रॅच्युइटीही.

मामीचा आक्षेप साधा होता. “बायोडेटात पत्ता काय लिहू बाप्पा? झिरो माइलच्या जवळ, गाडी उभी असन तिथं?” हसू नका. आधार, बँक, पासपोर्टचं व्हेरिफिकेशन, सगळ्यांना पत्ता लागतो. तो इतवारीचाच राहणार आहे. म्हणजे फिरणाऱ्या माणसाच्या मागे कुणीतरी घरी बसून त्याची कुरिअर घेणार. कोण, ते मामीला चांगलं माहीत आहे.

परवा रात्री दादाने पीएफमधून काढलेले पावणेदोन लाख मामाच्या खात्यात टाकले. निम्मे. उरलेले वर्षभरात, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलंय, खाली सही. मसालेवाल्याला मामाने अजून नाही म्हटलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत थांब म्हणून सांगितलंय.

आणि काल ट्रायल नाइट झाली. कुठे? रामटेकला जायचं ठरलं होतं, पण मामाला गाडी नजरेआड नको होती, म्हणून घरासमोरच, टांगा स्टँडच्या अलीकडे. मी, दादा आणि मामा. बेड दोघांचा. मी म्हटलं मामा, तुम्ही मागे झोपा, नवीन गादी आहे. मामा हो म्हणाला, थोडा वेळ पडला, कापडी खण चाचपून पाहिले. मग उशी घेऊन पुढे ड्रायव्हर सीटवर गेला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. दादा मागे रात्रभर कूस बदलत होता. मी दीडला घरी जाऊन झोपले.

पहाटे पाचला मागच्या दारावर थाप पडली. हमाल होता. माल कुठे उतरवायचा, विचारत होता. दादाने दार उघडलं, माळेचे दिवे चालूच होते. हमालाने आत पाहिलं, सिंक पाहिलं, फ्रिज पाहिला आणि विचारलं, “हे कोनाच्या दुकानात टाकाचं हाय, भाऊ?”