वाशीम जिल्हा प्रशासनास खुले पत्र : ऑनलाइन शोषणाची पहिली तक्रार

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. पोलीस अधीक्षक आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, वाशीम

मुलांच्या ऑनलाइन लैंगिक शोषणात गुन्हेगार घराचा उंबरठा न ओलांडता मुलापर्यंत पोहोचतो. गेममध्ये किंवा इन्स्टाग्रामवर ओळख, काही दिवस गोड बोलणे, मग फोटोचा हट्ट आणि फोटो हाती पडताच तो गावभर करण्याची धमकी, असा क्रम अनेक प्रकरणांत दिसतो. फोटो खरा असो वा बनावट, अशी धमकी २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम ११ नुसार लैंगिक छळ ठरते. १८ वर्षांखालील मुलगे आणि मुली दोघांनाही हा कायदा सारखाच लागू आहे.

तपासाची एक साखळी वाशीमपासून फार दूर सुरू होते. शोषणाचे चित्र कुणी अपलोड केले की अमेरिकी कंपन्यांची यंत्रणा त्याचा डिजिटल ठसा ओळखून तिथल्या बेपत्ता व शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राला कळवते. या केंद्राशी झालेल्या २०१९ च्या करारानंतर ही माहिती दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे (एनसीआरबी) आणि तिथून राज्यांकडे येऊ लागली. राज्य पोलिसांच्या ‘महाराष्ट्र सायबर’ विभागाचे ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ अशाच गुन्ह्यांविरुद्ध होते. मुंबईत ‘आरंभ इंडिया’ या संस्थेने ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनच्या साथीने २०१६ मध्ये अशा मजकुराच्या तक्रारीसाठी हॉटलाइन उभारली.

मात्र ठशावर चालणारी यंत्रणा आधी सापडलेलीच चित्रे ओळखते. कारंज्यातल्या एखाद्या मुलीकडून काल रात्री धमकावून घेतलेला फोटो या यंत्रणेच्या नोंदीत नसतो. तो फक्त त्या मुलीला ठाऊक असतो, फार तर तिच्या मैत्रिणीला. आईवडील हंगामात कामासाठी बाहेरगावी आणि मूल आजीकडे, अशा घरात तर ते सांगायला जवळचे माणूसही नसते. त्यामुळे सगळी मदार शाळेवर येते.

गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, असे पॉक्सोचे कलम १९ सांगते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. शाळेची बदनामी नको म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीत प्रकरण मिटवणे हा त्या मुलावर दुसरा अन्याय आहे.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पालकांनो, सावध राहा’ असे लिहून एखाद्या मुलाच्या शोषणाचा व्हिडिओच पुढे पाठवला जातो. पाठवणाऱ्याला वाटते, आपण जागृती करतो आहोत. प्रत्यक्षात प्रत्येक फॉरवर्डने त्या मुलाची पुन्हा विटंबना होते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार पहिल्याच दोषसिद्धीत पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असे साहित्य पाहणे आणि साठवणेही गुन्ह्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. तेव्हा काही पुढे पाठवायचे नाही; मुलाशी झालेले चॅट घाईने पुसायचेही नाही. प्रोफाइलचे नाव, नंबर, लिंक, तारीख टिपून फोन पोलिसांच्या हाती द्यायचा. ही रीत शिक्षकांना तोंडपाठ हवी.

शाळांमध्ये सखी सावित्री समिती नेमण्याचा शासन निर्णय १० मार्च २०२२ चा आहे. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा आणि वाशीम या सहाही तालुक्यांत या समितीच्या बैठकीत ऑनलाइन शोषण हा कायमचा विषय असावा. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलचा पत्ता मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावलेला असावा. मुलांविषयीच्या अशा मजकुराची तक्रार त्या पोर्टलवर नाव न सांगताही करता येते.

तक्रारीनंतरची वागणूकही कायद्याने ठरवून दिली आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाविना घ्यायचा असतो. ओळख उघड न करण्याच्या पॉक्सोच्या कलम २३ मध्ये नावाबरोबर पत्ता, कुटुंब, शाळा आणि शेजारही येतो. दोनशे घरांच्या तांड्याचे नुसते नाव छापले तरी मूल ओळखू येते. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातही असे नाव नसावे.