ऐकणाऱ्याचेही कुणी ऐकावे

शहरातील समुपदेशक सायंकाळी खोलीचे दार लावून घरी जातो. खेड्यातील समुपदेशिकेला ही सोय नाही. दुपारी जिने तिच्यासमोर डोळे पुसले, तीच संध्याकाळी नळावर भेटते. ज्याच्या व्यसनाची कहाणी ऐकली, तो किराणा दुकानात शेजारी उभा असतो आणि त्याची आई लग्नाच्या पंगतीत समोर येऊन बसते. या सर्वांशी नेहमीसारखे बोलायचे आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही, हे श्रम कोणत्याही नोंदवहीत चढत नाहीत.

अशा कामाचे मोल मात्र मोठे आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ हा उपक्रम राबविला गेला. गावातील कार्यकर्ते, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी त्यात होती. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. माणसे बोलू लागली, म्हणजेच कुणीतरी ऐकत बसले होते.

सतत ऐकणाऱ्याच्या थकव्याची तीन लक्षणे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मॅस्लॅक यांनी मांडली: मन रिते होणे, समोरच्याविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे. यांतील दुसरे लक्षण सर्वांत घातक. समोरची व्यक्ती तेव्हा माणूस न राहता ‘आजची चौथी केस’ होते, आणि दुःखी माणसाला हा बदल फार लवकर कळतो.

खेड्यात माणसांचा आधार भरपूर असतो, असे म्हटले जाते. ते खरेच आहे. परंतु समुपदेशिकेला त्याचा उपयोग होत नाही. नणंद, शेजारीण, मैत्रीण यांपैकी कुणाजवळही तिला मन मोकळे करता येत नाही, कारण तिच्या मनात साठलेले सारे दुसऱ्यांचे असते. कुणाची उधारी थकली हे बाजारात बोलायचे नसते, ही शिस्त व्यापारी घराण्यांना परिचित आहे. पण पेढीवर वडील असतात, भाऊ असतो. दुकान बंद झाल्यावर वही उघडून दोन शब्द बोलता येतात. समुपदेशिकेला अशी पेढीच नाही.

ती निर्माण करता येते. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावरील समुपदेशन सुरू केले. हे समुपदेशक गटाने एकत्र बसत, एकमेकांच्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि त्याला गुण देत. हेतू कामाचा दर्जा राखण्याचा. तथापि गोपनीयता न मोडता बोलण्याची हक्काची जागाही त्यातून मिळते. शाबासकीपेक्षा या जागेची गरज अधिक आहे. वेळेवर मानधनाचीही आहेच.

कसोटीचा दिवस वेगळाच असतो. जिच्याशी महिनोन्महिने बोलणे चालू होते, अशी एखादी व्यक्ती जीव देते. अंत्ययात्रेत कुणीतरी कुजबुजते, “हिच्याकडेच जात होता ना?” त्या दिवशी वरिष्ठांनी फोनवरून अहवाल मागवावा, की पहिली बस धरून तिच्या घरी यावे? ती पुढे काम करील की नाही, हे बहुधा तेथेच ठरते. तिने काम सोडले, तर तिच्यावर विसंबून बोलू लागलेले गाव पुन्हा गप्प होते.

तालुक्याच्या बाजारपेठेतील दुकानामागची एखादी रिकामी खोली, पंधरवड्यातून एक दुपार, चार गावांच्या समुपदेशिका आणि चहा. बाहेर कान नको. आणि त्या परतताना गल्ल्यावरून कुणी सहज म्हणूनसुद्धा विचारू नये, “काय, आज कुणाचे काय निघाले?”