वणव्याचा वेग कोण मोजणार?

दरवर्षी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ महाराष्ट्राचे वनखाते वणव्याचा हंगाम मानते. मेळघाटातील साग याच सुमारास पाने टाकतो, पाचोळ्याचा थर डोंगरउतारांवर साचतो आणि मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली पेटविलेली अथवा तेंदूच्या नव्या पालवीसाठी लावलेली आग पाहता पाहता हाताबाहेर जाते. मूर्तिजापूरच्या नागरिकाने या दूरच्या आगीची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. पूर्णेच्या खोऱ्यातील आपला मुलूख खारपाणपट्ट्याचा आहे. विहिरीचे पाणी येथे खारे लागते. शहानूर, चंद्रभागा या नद्या मेळघाटच्या डोंगरांतूनच पूर्णेकडे उतरतात. डोंगरावरील गवत व पाचोळा जळाला म्हणजे उघडी पडलेली माती पहिल्या पावसाबरोबर धरणांत येते. तेव्हा हा प्रश्न केवळ वाघांचा नव्हे, आपल्या घागरीचाही आहे.

या कामी विज्ञान स्वस्थ बसलेले नाही. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांवरील संवेदकांच्या साहाय्याने वणव्याच्या सूचना राज्यांना देत आली आहे. प्रारंभी ज्या ‘मोडिस’ संवेदकावर भिस्त होती, त्याची नजर सुमारे एक किलोमीटरच्या चौकटीपर्यंत पोहोचे. २०१७ पासून उपयोगात आलेल्या ‘व्हिअर्स’ची चौकट ३७५ मीटरची आहे. हे संवेदक उष्णतेचे अवरक्त किरण टिपतात, म्हणून रात्रीच्या अंधारातही आग त्यांच्या दृष्टीतून सुटत नाही. ही प्रगती स्वागतार्ह होय.

परंतु आग कोठे लागली हे कळणे निराळे आणि ती किती वेगाने कोणीकडे सरकत आहे हे कळणे निराळे. वेग काढावयाचा तर एकाच आगीची कड दोन वेळा पाहिली पाहिजे. ‘व्हिअर्स’चा उपग्रह एका ठिकाणावरून दिवसातून साधारण दोनदाच जातो, मधल्या तासांत पाचोळ्याची आग डोंगर ओलांडून विझूनही गेलेली असते. आपल्या इन्सॅट मालिकेतील उपग्रह दर अर्ध्या तासाने पाहतात, पण त्यांची अवरक्त चौकट चार किलोमीटरची. जो वारंवार पाहतो त्याला बारीक दिसत नाही, आणि ज्याला बारीक दिसते तो वारंवार पाहत नाही.

हा वाद पांडित्याचा नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी आपल्याच विदर्भातील नागझिरा येथे वणवा विझविताना तीन हंगामी मजूर जळून मेले. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात वीसहून अधिक गिर्यारोहक वणव्यात सापडून प्राणांस मुकले. उतार चढत जाणारी आग सपाटीवरील आगीहून कितीतरी वेगाने धावते. वारा फिरला की तिचे तोंडही फिरते. हिरव्या फांदीने ज्वाळा झोडपणाऱ्या माणसाला निसटण्यास किती मिनिटे आहेत, हे डेहराडूनहून येणारा संदेश सांगू शकत नाही.

उपाय नाहीत असे नव्हे. उष्णता टिपणारा कॅमेरा बसविलेले ड्रोन आगीची कड दर काही मिनिटांनी नकाशावर आखू शकते. दोन कडांमधील अंतरास मधल्या वेळाने भागले की वेग हाती येतो. त्याला टेकड्यांवरील वाऱ्याच्या नोंदीची जोड दिली तर पुढील तासाचा अंदाजही बांधता येतो. गुगामल, सिपना व अकोट या वन्यजीव विभागांस प्रत्येकी अशी साधने, ती चालविणारी शिकलेली माणसे आणि दऱ्याखोऱ्यांतही चालणारी बिनतारी यंत्रणा हंगामापूर्वीच मिळावयास हवी. यंत्र आले म्हणून जाळरेषा वेळेवर आखण्याचे आणि रानाची वाट न् वाट जाणणाऱ्या कोरकू बांधवांस विश्वासात घेण्याचे काम मात्र टळत नाही. संवेदक आग पाहतो. ती विझवितो माणूसच.

आकाशातून केलेल्या मोजमापाचा अखेरचा लाभ कोणास झाला, ही त्याची खरी कसोटी आम्ही मानतो. तो कार्यालयातील पडद्यापाशीच थांबला तर तो केवळ शोभेचा ठरेल. रोजंदारीवर वणव्याशी झुंजणाऱ्या मजुराला ‘आता मागे फिर’ हा शब्द वेळेवर ऐकू आला, तरच त्यावरील खर्च सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.