कुत्र्या-मांजरांच्या टॉनिकवर लक्ष ठेवायचं कुणी?

कुत्रं सुस्त पडलंय? टॉनिक द्या. केस गळतात? टॉनिक द्या. पिल्लाचे पाय वाकडे दिसतात? कॅल्शियम द्या. मांजर जेवत नाही? लिव्हर टॉनिक द्या. सिडको-हडकोपासून गारखेडा, उस्मानपुऱ्यापर्यंत आपल्या छत्रपती संभाजीनगरात पेट शॉप वाढली, चांगलंच झालं. पण त्यातल्या बऱ्याच काउंटरवर आता दवाखाना चालतो, आणि तोही जनावर न बघता. जे दुकानदार "आधी डॉक्टरांना दाखवा" म्हणतात त्यांना नमस्कार. ही पोस्ट त्यांच्याबद्दल नाही.

परवा अशाच एका दुकानात एक पोरगा कॅल्शियमची बाटली घेत होता. लॅब्राचं तीन महिन्यांचं पिल्लू. "रोज दोन झाकणं" एवढं सांगून दुकानदार मोकळा. वजन किती, खायला काय देता, काही विचारणं नाही. मी विचारलं तर पोरगा म्हणाला, पाकिटातलं पपी फूड देतो. मग वरून कॅल्शियम कशाला? दुकानदार हसला. "अहो साहेब, व्हिटॅमिनच आहे, त्यानं काय होतंय?"

काय होतंय ते सांगतो.

चांगल्या पपी फूडमध्ये वाढीला लागणारं कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. त्यावर रोज बाटली ओतली की ते जास्त होतं. मोठ्या कुत्र्याचं शरीर जास्तीचं कॅल्शियम बऱ्यापैकी अडवतं, लहान पिल्लाला ते जमत नाही, पोटात गेलेलं बरंचसं रक्तात उतरतं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा भराभर वाढणाऱ्या पिल्लांची हाडं यानं बिघडतात. म्हणजे ज्या वाकड्या पायांच्या भीतीनं बाटली आणली, ते बाटलीनंच वाकडे व्हायचे.

दुसरी गोष्ट इम्युनिटीची. बाटलीवर मोठ्या अक्षरात "व्हिटॅमिन सी". कुत्रा आणि मांजर दोघंही सी जीवनसत्त्व स्वतःच्या लिव्हरमध्ये तयार करतात. माणसाला ते जमत नाही, म्हणून आपल्याला लिंबू-आवळा लागतो. धडधाकट कुत्र्याला ते विकणं म्हणजे विहीर असलेल्याला टँकर विकणं. (आपल्या शहरात टँकरचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे.)

सी आणि बी जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे निघून जातं, नुकसान खिशाचं. ए आणि डी चं तसं नाही. ती शरीरात साठतात. मांजराला रोज नुसती कलेजी घालणाऱ्यांनी हे नीट वाचा: महिनोन्महिने तसं केलं तर ए जीवनसत्त्व इतकं साठतं की मानेची हाडं एकमेकांना जुळून येतात आणि मांजराला मान वळवता येत नाही. आठवड्यातून एखादा तुकडा वेगळा, रोजची वाटी वेगळी.

आणि डी. आपल्या निम्म्या घरांत डॉक्टरांनी आठवड्याला एक म्हणून दिलेली ६०,००० युनिटची पुडी असते. "आपल्याला चालते तर त्याला अर्धी द्यायला काय हरकत" असा विचार लोक खरंच करतात. हिशेब बघा. ६०,००० युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. कुत्र्याला किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू शकतात, ०.५ च्या आसपास किडनीवर बेतू शकतं. १० किलोच्या कुत्र्यानं एक पुडी खाल्ली की पहिली रेघ ओलांडली. ३ किलोच्या मांजराच्या पोटात ती गेली तर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम झाला. उलट्या, सारखी तहान, सारखी लघवी, खाणं बंद. रक्तात कॅल्शियम चढतं आणि किडनीत जाऊन बसतं. पुड्या जनावराचं तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवा, आणि खाल्लीच तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा.

माणसांच्या इतर गोळ्यांचीही तीच कथा. मल्टिव्हिटॅमिनमधलं लोह छोट्या जनावराला जड जातं. चघळायच्या "शुगर फ्री" गोळ्यांत झायलिटॉल असू शकतं, पाकिटावर नुसतं ९६७ असा आकडाही लिहिलेला असतो. कुत्र्यात त्यानं रक्तातली साखर अर्ध्या तासातही कोसळू शकते, नंतर लिव्हर जातं.

जानेवारी २०१९ मध्ये हिल्ससारख्या जगभर चालणाऱ्या कंपनीला अमेरिकेत कुत्र्यांचं डबाबंद खाणं बाजारातून परत घ्यावं लागलं. व्हिटॅमिनचं मिश्रण पुरवणाऱ्याकडून चूक झाली आणि डी जास्त पडलं. तिथे निदान चूक सापडली, डब्यांची यादी जाहीर झाली, लोकांना कळलं. आपल्या दुकानातल्या बाटलीत डी किती आहे, हे मोजतंय कोण?

इथे कायद्याची गंमत आहे. अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा माणसांच्या खाण्याचा. पशुखाद्य त्याच्या व्याख्येतूनच वगळलेलं. मग कंपन्या बाटलीवर बारीक अक्षरात "फीड सप्लिमेंट, औषधी वापरासाठी नाही" छापतात, म्हणजे औषधाच्या कायद्यातूनही सुटका. अन्न नाही, औषध नाही, मग आहे तरी काय हे? तीर्थ?

पण पळवाट वाटते तेवढी मोठी नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, आणि त्यातली औषधाची व्याख्या माणसांपुरती नाही. प्राण्यांचा रोग बरा करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी दिलेला पदार्थही त्यात औषधच. त्यामुळे मागे "औषधी वापरासाठी नाही" आणि पुढे "सांधेदुखी बरी करते, लिव्हर दुरुस्त करते" असं छापणारी बाटली एकाच वेळी दोन गोष्टी सांगते. यातली खरी कुठली, हे विचारायचं काम एफडीएचं आहे. विचारलं का? जनावराच्या औषधावर "माणसांसाठी नाही, फक्त प्राण्यांच्या उपचारासाठी" हे शब्द आणि जनावराच्या तोंडाचं चित्र असावं लागतं. दुकानात जाऊन शेल्फवरच्या बाटल्या उलट्या करून बघायला कितीसा वेळ लागतो? आणि १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणी असलेल्या पशुवैद्याला दिलाय, काउंटरवाल्याला नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे टॉनिक द्यायचंच नाही का? तसं नाही. आपल्या घरांत कुत्र्याला दूध-पोळी, दहीभात मिळतो, आणि त्यावर जगणाऱ्या कुत्र्याला कमतरता होतेच. पिल्लाला नुसतं उकडलेलं मटण आणि भात दिलात तरी होते, कारण मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं. अशा पिल्लाला मुडदूस झाल्यासारखे पाय येतात. त्याला पूरक लागेलच. पण किती, ते वजन, वय आणि ताटात काय पडतं ते बघून ठरतं, झाकणं मोजून नाही. ऊन दाखवूनही भागत नाही. कुत्र्या-मांजराच्या कातडीत उन्हानं पुरेसं डी तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं.

मांजराचं तर स्पष्टच बोलतो, काहींना राग येईल. मांजर मांसाहारीच आहे. गाजरातल्या रंगापासून ए जीवनसत्त्व बनवणं त्याला जमत नाही, ते तयारच मिळावं लागतं. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून कमकुवत होतं. हृदयाचं हे दुखणं टॉरिनमुळे होतं, हे १९८७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं, त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाद्यात टॉरिन वाढवलं. दूध-भात आणि महिन्याला एक टॉनिक यानं ती भर निघत नाही. घरात मांस चालत नसेल तर मांजरासाठी बनवलेलं संपूर्ण खाद्य आणा. तेही चालत नसेल तर मांजर पाळू नका.

सगळ्यात जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्याकडे गोचिडी किती आहेत ते सांगायला नको. गोचिडीच्या तापात कुत्रं सुस्त होतं, खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. मालक दुकानात जातो, दुकानदार "अशक्तपणा" म्हणून रक्तवाढीचं टॉनिक देतो. आठवडा जातो. रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन बघितला असता तर बऱ्याचदा कळलं असतं, आणि वेळेत औषध सुरू झालं असतं. बाटली एरवी निरुपद्रवी असेलही, पण तिनं खाल्लेले ते आठ दिवस परत येत नाहीत. खडकेश्वरला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, खासगी डॉक्टर आहेत, आधी तिकडे जा. शिवाय गोचिडी जातात म्हणून लसणाची पावडर देणारे महाभाग आहेत, त्यांना एवढंच सांगतो की कांदा-लसणानं कुत्र्या-मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, मांजराच्या तर फारच लवकर.

दुकानातून घ्यायचंच असेल तर बाटली हातात घेऊन बघा. ए आणि डी किती युनिट ते आकड्यात आहे का? डोस किलोवर आहे की "लहान कुत्रा, मोठा कुत्रा" एवढाच? बॅच नंबर, मुदत, कारखान्याचा पूर्ण पत्ता? काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवलेली बाटली घेऊ नका, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात आतलं काय टिकणार? बिल मागा, बिल नाही तर माल नको.

एफडीएच्या इथल्या कार्यालयाला या आठवड्यात पत्र देतोय. मागण्या तीन. शहरातल्या पेट शॉपमधल्या बाटल्यांची तपासणी करून काय सापडलं ते जाहीर करा. रोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या बाटल्यांवर औषधाचे नियम लावा. आणि डोस, इशारा मराठीत छापायला लावा, कारण वाळूजच्या कंपनीत राबून पिल्लू पाळणाऱ्यानं बारीक इंग्रजी कुठवर वाचायचं? परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं मराठवाड्यातच आहेत. कुणाला काय, किती द्यावं याचा एक पानी मराठी तक्ता त्यांनी काढावा, असं तिकडेही लिहितोय.

तुमच्या घरात अशी बाटली असेल तर पुढच्या-मागच्या लेबलचा आणि बिलाचा फोटो मला इनबॉक्स करा. दुकानाचं आणि तुमचं नाव झाकून पत्राला जोडतो. शुक्रवारपर्यंत पाठवा.