‘रणांगण’ आणि वाळवा तालुक्यातील युद्धकाळ

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही छोटेखानी कादंबरी 1939 साली, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली; तिच्यात एकही लढाई नाही, तरीही युद्ध माणसाच्या आत शिरून काय करते हे इतके जिव्हारी लागेल असे मराठीत क्वचितच लिहिले गेले आहे. युरोपातून मुंबईमार्गे अतिपूर्वेकडे जाणाऱ्या बोटीवरील काही दिवस एवढाच तिचा पट असून, त्या बोटीवर मायदेशी परतणारे हिंदी प्रवासी आणि हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू निर्वासित एकत्र आले आहेत. 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी, म्हणजे ज्यूंचे नागरिकत्व हिरावणाऱ्या आणि जर्मनांशी त्यांच्या विवाहास बंदी घालणाऱ्या कायद्यांनी, या माणसांना स्वतःच्याच देशात परके केले होते. 1938 पासून त्यांच्या पारपत्रावर ओळखीचे लाल अक्षर उमटवले जाऊ लागले आणि देश सोडताना माणशी अवघे दहा मार्क बरोबर नेता येत.

अशांपैकी एक असलेल्या हॅर्टावर चक्रधर विध्वंस या मराठी तरुणाचे प्रेम जडते. पूर्वीच्या प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर आधी तिच्याकडे प्रवासातील विरंगुळा म्हणून पाहतो, मग स्वतःच्याही नकळत गुंतत जातो, आणि मुंबई आल्यावर मात्र एकटाच उतरतो. बोट पुढे निघते आणि हॅर्टा समुद्रात जीव देते. तिला हिंदुस्थानात उतरवून घेण्याच्या आड ब्रिटिश सरकारचे नियम होते हे खरे, पण बेडेकर चक्रधराला त्या नियमांमागे लपू देत नाहीत. तो दुष्ट नाही, केवळ वेळेवर पुरेसा धीर न झालेला माणूस आहे, आणि असा माणूस वाचकाला स्वतःत सापडतो, म्हणून ही कादंबरी सोसवत नाही. तिचे मोठेपण या निर्दय प्रामाणिकपणात आहे. नाझींचे क्रौर्य रंगवणे त्या मानाने सोपे होते.

वाळवा तालुक्यातील इस्लामपूरच्या वाचकाला ही कादंबरी दूरची वाटण्याचे कारण नाही. त्याच महायुद्धाच्या काळात, सप्टेंबर 1942 मध्ये, इस्लामपुरात निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंता पंड्या व कामेरीचे विष्णू बारपटे यांना हौतात्म्य आले. पुढे याच तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिश सत्ता झुगारून गावोगाव न्यायनिवाडा आणि बंदोबस्त पाहणारी लोकांची समांतर सत्ता, उभे राहिले. भूमिगतांना रात्री-अपरात्री भाकरी थापून देणाऱ्या घरांना सैनिक कोणी म्हटले नाही. जप्ती आणि छापे मात्र त्यांच्या वाट्याला आले.

नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई यांची एक हकीकत या दृष्टीने फार बोलकी आहे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग रचले गेले. नवरा बनलेल्या कार्यकर्त्याने हौसाताईंना मारहाण केली, डोक्यात घालायला धोंडा उचलला, पोलीस सोडवायला धावले आणि तेवढ्यात सहकाऱ्यांनी ठाण्यातील शस्त्रे लांबवली. सोंग खरे वाटावे म्हणून मार मात्र खराच होता. त्या वेळी विशीही न गाठलेल्या मुलीने भर रस्त्यात लोकांदेखत तो सोसला, याचे मोल लुटलेल्या बंदुकांच्या हिशेबात मावत नाही. ते मांडायला कादंबरीकारच हवा, आणि तोही आपल्या माणसांची भीती, शरम व माघार न झाकणारा, चक्रधराला मोकळा न सोडणाऱ्या बेडेकरांच्या जातीचा. बेडेकरांनी आपल्या काळाचे दुःख ताजे असतानाच लिहून काढले. हौसाताई 2021 साली गेल्या, त्यांच्या पिढीतील फारच थोडे लोक आता हयात आहेत, आणि वाळव्याच्या कादंबरीला लागणारी पुष्कळशी सामग्री यापुढे त्या घरांतील लेकी-सुना आणि नातवंडे यांच्याकडूनच गोळा करावी लागेल.