प्रतिमा आणि व्याख्या

फोपनार हे मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले गाव. १९६४ साली तेथे जमिनीतून बुद्धाच्या प्राचीन कांस्यप्रतिमा निघाल्या. त्यांतील काही आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मूर्तीला आणि कवीच्या शब्दचित्राला मराठीत प्रतिमा हा एकच शब्द आहे. त्या गावचे स्मरण आज वेगळ्याच कारणाने होते.

त्या टापूतील अनेक मुलांची घरची बोली मराठी, शाळेची भाषा हिंदी आणि त्यावर तिसरी इंग्रजी. हिंदीच्या तासाला ती उपमा व रूपक शिकतात. उपमेय, उपमान, साधारण धर्म ही अंगे ओळखतात. पुढच्या तासाला इंग्रजीचे गुरुजी 'सिमिली' आणि 'मेटॅफर' यांच्या व्याख्या फळ्यावर लिहितात, आणि मुले जणू हे प्राणी प्रथमच पाहत असल्याप्रमाणे त्या घोकतात. 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसला की सिमिली, न दिसला की मेटॅफर, ही परीक्षेची गुरुकिल्ली! या न्यायाने 'मला आंबा आवडतो' या अर्थाचे इंग्रजी वाक्यही अलंकारिक ठरावे.

हे केवळ तापीकाठचे दुखणे नव्हे. घरी कोंकणी, वाचनात मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा आमच्या किनाऱ्यावरील मुलाचीही हीच गत आहे. म्हणून हा विषय आम्हांस परका वाटत नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक व यमक हे चार अलंकार नावांनिशी सांगितले आहेत. एवढी जुनी पुंजी घरात असता उसनवारी कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे तसे नाही. दोन्ही शास्त्रांच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत. 'जणू' म्हणताच आपण उत्प्रेक्षेत शिरतो, इंग्रजी मात्र त्यालाही बहुधा सिमिलीच म्हणते. हा फरक वर्गात बोलून दाखविला, तर मूल दोन्ही भाषांविषयी विचार करू लागेल. फरक लपविला, तर ते केवळ पाठ करील.

फादर स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यास आला आणि त्याने आपले पुराण मराठी ओवीत रचले; ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे विसरण्याचे कारण नाही. परंतु श्रोत्यांच्या कानांतील छंद त्याने प्रथम आपलासा केला, हेही खरे. उलट दिशेने आमच्या कोकणातील मालगुंडचे केशवसुत गेले. इंग्रजी सॉनेट त्यांनी मराठीत आणले, आणि तेच आज सुनीत म्हणून आपल्या घरचे झाले आहे. ते पेशाने शिक्षक होते, आणि बुऱ्हाणपूरच्या शेजारच्या खानदेशात, फैजपूरला, त्यांनी काही काळ शिकविलेही. त्याच खानदेशातील बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. रूपकाची व्याख्या त्यांना कोणी विचारली नाही, हे मराठीचे भाग्यच म्हणावयाचे.

तेव्हा इंग्रजीच्या गुरुजींनी तासाच्या आरंभी आजीच्या तोंडची एक म्हण मुलांकडून मागवावी, तिच्यात कशाला काय म्हटले आहे ते विचारावे आणि मग इंग्रजी नाव सांगावे. त्यासाठी अनुदान लागत नाही. खरी अडचण प्रश्नपत्रिकेची आहे. ओळीखाली रेघ मारून अलंकाराचे नाव विचारण्याऐवजी, ती तुलना काढून टाकली तर ओळीतून काय हरपते, हे परीक्षा मंडळांनी एकदा विचारून पाहावे. उत्तर मुलाने स्वतःच्या भाषेत लिहिले तरी त्याला गुण द्यावेत.