लट्टलूरचा राजा आणि शेजारची भाषा

लिडियाचा राजा क्रीसस याची श्रीमंती जगभर दृष्टान्तासारखी सांगितली जाते. इ.स.पू. ५४६ च्या सुमारास इराणच्या सायरसने त्याची राजधानी सार्दिस जिंकली आणि राजवंश संपला. पुढे लिडियन भाषाही लुप्त झाली. आज आपण क्रीससला ओळखतो ते मुख्यतः हिरोडोटसच्या ग्रीक इतिहासामुळे. त्याचा वारसा शेजारच्या भाषेने राखला.

असाच एक राजा लातूर-निलंग्याच्या भूमीशी जोडलेला आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग (इ.स. ८१४–८७८) याला शिलालेखांत 'लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी' म्हटले आहे. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानी मात्र मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. राष्ट्रकूटांच्या 'बल्हरा' राजाची गणना नवव्या शतकातील अरबी वृत्तान्ताने जगातील चार थोर राजांत केली. इ.स. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने ही सत्ता संपवली.

वैभव गेले, ग्रंथ उरला. अमोघवर्षाच्या दरबारात सिद्ध झालेला 'कविराजमार्ग' हा कन्नडमधील उपलब्ध ग्रंथांत सर्वांत जुना. त्याचे कर्तृत्व अनेक अभ्यासक श्रीविजयाकडे देतात. दंडीच्या 'काव्यादर्शा'चा आधार घेऊनही तो देशी भाषेच्या काव्याचा स्वतंत्र विचार करतो आणि कन्नड प्रदेश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. निलंगा या सीमांच्या आत येतो.

या विधानाने मराठी अभ्यासकाने अस्वस्थ होण्याचे कारण नाही. राजा 'आमचा' म्हणून मिरवायचा आणि त्याच्या काळचा ग्रंथ 'त्यांचा' म्हणून बाजूला ठेवायचा, ही विसंगती मात्र आम्हांस खटकते. राष्ट्रकूटांचे मान्यखेट एकभाषिक नव्हतेच. जिनसेन व गणिती महावीराचार्य यांनी संस्कृतात लिहिले. पुष्पदंताने आपले अपभ्रंश 'महापुराण' इ.स. ९६५ मध्ये तेथेच पूर्ण केले. मराठीच्या पूर्वपीठिकेचा विचार अपभ्रंशावाचून होत नाही. म्हणजे आपल्या भाषेच्या जडणघडणीचा एक धागा त्या नगरापर्यंत पोचतो.

निलंगा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. त्या वर्षी राज्यांची सीमा बदलली. तिच्या अलीकडे-पलीकडे नांदणाऱ्या बोली काही एका दिवसात विलग झाल्या नाहीत. आपले वाङ्मयेतिहासाचे अध्यापन मात्र त्या रेषेपाशी थबकते. 'लीळाचरित्रा'पासून आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याने 'कविराजमार्ग' निदान अनुवादातून वाचावा. मराठी आणि कन्नड विभागांनी तो एकत्र बसून शिकवावा. देशी भाषेला शास्त्रीय प्रतिष्ठा कशी मिळते, या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर त्यात आहे, आणि तो प्रश्न मराठीचाही आहे.

हिरोडोटस वाचायला लिडियन वाचक उरला नाही. लट्टलूरचा वाचक मात्र आजही आहे. त्याने वाचायचे ठरवले पाहिजे.